आपले ताट आणि आपली सोबत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे जे काही वाचले ते सूतगिरणीची पाळी करून वाचले. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी. आम्हाला विषय दिला आहे 'धम्म आणि आरोग्य'. आरोग्यावर बोलायला डॉक्टर आहेत. आम्ही ताटावर बोलणार.

काय खायचं हा प्रश्न आपल्या समाजात नुसता पोटाचा कधीच नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे पोराटोरांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-तुकडे घेऊ नका, असेही त्यांनी बजावले होते. ते फारसे कुणी सांगत नाही. आमच्या आजीने ते सोडलं तेव्हा चुलीवर दुसरं काही नव्हतं.

आणि आम्ही? रिंगफ्रेम खात्यात रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून चार-पाच गोड चहा, भजी, वडापाव, तोंडात पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, आमची पुडी काही सुटली नाही. काय खाल्लं ते घरी पोचेपर्यंत आठवायचं नाही. चार वर्षांमागे पायाची जखम भरेना, तेव्हा साखर निघाली. अंगठा वाचला हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. (आम्ही नशीब मानत नाही, पण त्या दिवशी वाद घातला नाही.)

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात खायचा. असाच एकदा जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. भान ठेवून, प्रमाणात खाणाऱ्याला त्रास कमी, एवढ्या अर्थाची गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली. रोज जेवताना म्हणायची, रोजचे शंभर कहापण. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. आम्हाला यात राजापेक्षा तो पोरगा मोठा वाटतो. राजालासुद्धा एकट्याला जमलं नाही!

शंभर कहापण आमच्याकडे कुठले? आम्ही आमचे सुदर्शन गल्लीत शोधले. गिरणीतले दोघे, एक रिक्षावाला, अंगणवाडीच्या ताई आणि आमचे एक मुसलमान शेजारी. त्यांच्या आईलाही साखर आहे. मंगळवेढ्याकडून मालदांडी ज्वारी एकत्र आणतो, टेम्पोचं भाडं वाटून घेतो. रविवारी इथंच ओट्यावर डबे उघडतो. भाकरी, शेंगाचटणी, एखादी पालेभाजी. पहिले चार घास कुणी बोलायचं नाही. पोरं हसायची, भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं म्हणायची. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय म्हटल्यावर जरा ऐकू लागली. भाकरीनंही साखर वाढते बरं का. म्हणून आम्ही दोनवर थांबतो, आणि गोळी चुकवत नाही.

मटण खाणारा चालेल का, असं काहींनी विचारलं. मासे-मांस सर्व भिक्खूंना बंद करा, असा आग्रह देवदत्ताने धरला होता. भगवंतांनी ती सक्ती केली नाही, मग आम्ही कोण? दुसऱ्याच्या डब्यात वाकून बघायचं नाही. फक्त दारू पिऊन यायचं नाही, तिथं सवलत नाही.

आज मागं मांडवात बुंदी आहे. आम्हीही चमचाभर घेणार आहोत. पुढच्या रविवारी साडेअकराला डबा घेऊन या, पाण्याची बाटली आपापली. ज्वारीची वही दारापाशी ठेवली आहे. नावापुढं पोतं पाव की अर्धं, तेही लिहा. मागच्या खेपेला तिघांनी लिहिलं नाही आणि टेम्पो आल्यावर भांडणं झाली.

नमो बुद्धाय, जय भीम.