‘नाही’ म्हणण्याचाही संस्कार



मोठ्यांना वाकून नमस्कार करावा, उलट उत्तर देऊ नये, सांगितलेले ऐकावे, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर बिंबविले जाते. हा संस्कार मोलाचाच आहे. परंतु त्याला एक जोड देणे आता अगत्याचे झाले आहे. कोणी नकोसा स्पर्श केला, तर तो मनुष्य कितीही मोठा, कितीही जवळचा असो, त्याला ठामपणे ‘नाही’ म्हणावे आणि घरी येऊन सांगावे, हाही संस्कारच होय.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ बालकांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे त्यात नमूद आहे. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित अधिकच होते. निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ‘आमच्या घरी मुलगी नाही, म्हणून काळजी नाही’ आणि ‘आमच्याकडे परके कोणी येत नाही’ हे दोन्ही समज या अहवालाने खोटे ठरविले.

विश्वासाच्या आडून काय घडू शकते, हे गोव्याने पाहिले आहे. मडगावात निराधार मुलांचा आश्रयदाता म्हणून वावरणाऱ्या फ्रेडी पीट याला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पुढे २००३ साली गोव्याने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणाने अवघा महाराष्ट्र हादरला, तेही शाळेसारख्या पवित्र वास्तूत घडलेल्या प्रकारामुळेच.

मग मुलांना शिकवायचे काय? तीन-चार वर्षांच्या बालकाला हातापायांप्रमाणेच गुप्तांगांचीही नीट नावे सांगावीत. नाव ठाऊक नसेल, तर तक्रार तरी कशी करणार? आंघोळ घालताना आईने किंवा तपासताना आईसमोर डॉक्टरांनी केलेला स्पर्श वेगळा, हे त्याच वेळी समजवावे. ‘काकांना पापा दे’ असा आग्रह धरू नये. मूल आक्रसले, तर त्याने हात जोडून केलेला नमस्कार पुरे. ‘ही आपली गंमत, आईला सांगायची नाही’ असे कोणी म्हटले, की तीच गोष्ट आईला आधी सांगायची, हा नियम लहान मूलही लक्षात ठेवते. ‘नाही’ म्हणावे, तेथून निघून यावे आणि सांगावे. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला नाही, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावे. मात्र भयाने मुलाची वाचाच बसली, तरी दोष त्याचा नव्हे. रक्षणाची जबाबदारी मोठ्यांचीच.

खरी परीक्षा होते ती मूल सांगते तेव्हा. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ या एका प्रश्नाने त्याचे तोंड कायमचे बंद होऊ शकते. शांतपणे ऐकावे, ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस’ एवढे म्हणावे, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. घटना ताजी असेल, तर कपडे न धुता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. १०९८ किंवा ११२ या क्रमांकांवर साहाय्य मिळते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला ‘पॉक्सो’ कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी वा त्याला रुचेल तेथे घेता येतो, जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसतो, मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरतो. गुन्हा ठाऊक असूनही न कळविणाऱ्यास, संस्थाप्रमुखासही, शिक्षेची तरतूद आहे. ‘शाळेचे नाव जाईल’, ‘घराण्याची अब्रू जाईल’ म्हणून प्रकरण दडपणे हा म्हणूनच केवळ भित्रेपणा राहत नाही. तो अपराध होतो. शिवाय दडपलेला गुन्हेगार दुसरे मूल शोधतो, हे विसरता कामा नये.

घराण्याची अब्रू मुलाच्या मौनात नसते. संकटात सापडलेले लेकरू निर्भयपणे ज्या घराकडे धाव घेते, त्या घराची अब्रू शाबूत असते. असे घर उभारण्यास कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. रोज रात्री मुलाजवळ बसून त्याचा दिवस ऐकून घेण्याइतका वेळ तेवढा लागतो.