‘रन’चे ६४५ अर्थ

क्रिकेटमुळे ‘रन’ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. इंग्रजीत मात्र माणूस पळतो तेव्हा ‘रन’, नळ वाहतो तेव्हा ‘रन’, नाक गळतं तेव्हाही ‘रन’च. दुकान चालवणं, निवडणुकीला उभं राहणं, धुताना कपड्याचा रंग जाणं, हे सारं त्याच्याच पोटात.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात, १९८९च्या आवृत्तीत, सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ. पुढे नव्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर ‘रन’ला भिडले. नऊ महिने खपले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. एका शब्दासाठी नऊ महिने! या चिकाटीपुढे मान लवते.

इतके अर्थ आले कुठून? बरेचसे यंत्रयुगातून. आगगाडी, इंजिन, गिरणी यांच्या चालण्याला इंग्रजांनी हाताशी असलेला हाच छोटा शब्द लावला. नंतर संगणकाच्या प्रोग्रॅमलाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, शब्दकोशात पहिल्या अर्थावर थांबू नका. खालची वाक्यंही वाचा. तिथे रस्ता ‘रन’ होतो, म्हणजे एखाद्या गावाकडे जातो, आणि नाटक ‘रन’ होतं, म्हणजे त्याचे प्रयोग चालू राहतात.