कडेचं बदक

आम्ही किहीमच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे झोप.

आपल्या किहीमला १९३० साली सलीम अली सुगरण पक्ष्याची घरटी बघत तासन् तास बसायचे. नाव बाईचं, पण घरटं विणतो नर; मादी येऊन पारखते आणि पसंत पडलं तरच राहते. हे सगळं त्यांनी इथं बसून टिपून ठेवलं. इवल्या जिवाकडे नीट पाहिलं की असं काहीबाही कळतं.

पाखरं झोपतात तेव्हा त्यांच्या मेंदूत काय चालतं, हे पाहणारेही शास्त्रज्ञ आहेत. नील्स रॅटनबोर्ग हे त्यातले एक. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चार रानबदकं एका ओळीत ठेवली आणि झोपेत त्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. १९९९ साली ते काम छापून आलं. मधली दोन बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपत. कडेची दोन मात्र पुष्कळदा एक डोळा उघडा ठेवत, तोही बाहेरच्या बाजूचा, जिकडून धोका यायचा. तेव्हा त्यांचा अर्धा मेंदू झोपलेला असे आणि अर्धा जागा.

आता सांगा, आपल्या घरात कडेचं बदक कोण? बाळ कुरकुरलं, सासऱ्यांना खोकला आला, पहाटे नळाला पाणी आलं, तर आधी कोण उठतं?

बदकाला जमतं तसं अर्ध्या मेंदूनं झोपणं आपल्याला जमत नाही. आपली मोडलेली झोप उधारीवर राहते. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांचंही तसंच. रात्रभर जागं ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी ती जास्त झोपून भरपाई करतात, असं २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. चिलटाला जे चुकत नाही, ते बाईला कसं चुकेल? मग दिवसा चिडचिड होते, हिशेब चुकतो, विळीवर बोट कापतं. आणि दुपारी जरा डोळा लागला, की लोक म्हणतात आळशी.

म्हणून आमचं एवढंच सांगणं. रात्रीच्या उठण्याच्या पाळ्या लावा. आज तुम्ही, उद्या नवरा, परवा मोठा मुलगा. पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाबरोबर एकमेकींना हेही विचारा, या आठवड्यात किती रात्री दोन्ही डोळे मिटले?