नातवंडांची परीक्षा आणि आजाआजींचे कर्तव्य

(उरण तालुक्यातील एका गावी, देवळाच्या पटांगणात जमलेल्या आजाआजींपुढे आम्ही केलेले भाषण)



आज आम्ही कोणा पुढाऱ्याची स्तुती गाण्यास उभे राहिलो नाही. विषय घरचाच आहे. गावातल्या शाळेत पाचवीत शिकणारी आपली नातवंडे नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस बसणार आहेत. त्यांचे आईबाप पहाटे बंदरावर नाहीतर गोदामात कामास जातात आणि रात्री येतात. दिवसभर पोर असते आपल्यापाशी. तेव्हा तयारी करून घेणार कोण? आपणच! पण आपणांस विचारावे तर उत्तर ठरलेले : "आम्हां अडाण्यांस काय कळते? क्लासवाल्याचे पैसे भरले, आमचे काम संपले." हे उत्तर खोटे आहे आणि त्यात आपले नुकसान आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही परीक्षा काय आहे ते नीट समजून घ्या. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या सुमारास केंद्र सरकारने नवोदय विद्यालये काढली. अगदी पहिली दोन निघाली, त्यांतील एक हरियाणात झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस. रायगड जिल्ह्याचे विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सारे तेथे सरकारकडून. फक्त नववीपासून दरमहा काही विकास निधी घेतात आणि तोही मुलींस, अनुसूचित जातिजमातींस व दारिद्र्यरेषेखालील घरांस माफ आहे. दर वर्षी एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यांत निदान पाऊण हिस्सा जागा खेड्यातल्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या. एक तृतीयांश जागा मुलींच्या. अर्जास फी नाही. परीक्षा मराठीतून देता येते आणि आयुष्यात एकदाच देता येते.

शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या पोरास असे शिक्षण सरकारी खर्चाने मिळावे हे काही आभाळातून पडलेले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिले. सरकारी तिजोरी भरतो रयतेच्या घामाने आणि ती शिक्षणावर रिकामी होते ती वरच्या वर्गांच्या मुलांसाठी, हा त्यांचा सवाल होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यांची मागणी होती. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले आणि पोरास शाळेत न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. दार उघडले ते या माणसांनी. आता त्या दारातून पोरास आत नेण्याचे काम तेवढे आपले आहे आणि तेच आपण पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवितो!

सत्यशोधकांनी आपल्या आजापणज्यांस एक गोष्ट शिकविली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. लग्नात, श्राद्धात, वास्तुशांतीत मध्यस्थास दक्षिणा देण्याचे कारण नाही. ते आपण पुष्कळसे शिकलो. मग विद्या आणि पोर यांच्यामध्ये हा नवा दलाल आपण का बसवून घेतला? पोथीच्या जागी गाईड आले, दक्षिणेच्या जागी फी आली आणि आपण पूर्वीप्रमाणेच हात जोडून बाहेर उभे! शिकविणारा चांगला गुरुजी भेटला तर त्यास मान द्यावा, मोबदलाही द्यावा. आमचा राग शिकविणाऱ्यावर नाही. "तुम्हांस कळत नाही, तुम्ही विचारू नका," असे सांगून पैसे घेणाऱ्यावर आहे.

यात आम्ही स्वतः कसे ठकलो ते लपवीत नाही. आमचा थोरला नातू गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकला. पोर हुशार. शहरातल्या एका क्लासवाल्याने सांगितले, "याला नवोदयला बसवायचा आहे ना? मग गावची शाळा सोडा, शहरातल्या इंग्रजी शाळेत घाला, पाया पक्का होईल." आम्ही डोळे मिटून मान डोलावली. जमिनीच्या पैशातले राहिलेले होते, ते शाळेच्या फीत आणि रिक्षात घातले. पाचवीत अर्ज भरावयाची वेळ आली तेव्हा नियम वाचला. वाचून दाखविला तो नातवानेच. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत काढलेली असतील तरच खेड्याची जागा. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी तो मुलगा शहरी धरला जातो. आमच्या नातवाचे असे दिवस दोन वर्षे भरले होते. तो शहरी म्हणून बसला आणि निवडला गेला नाही. पाऊण हिस्सा जागांचे दार आम्हीच आमच्या हाताने लावून घेतले. पोराचा दोष तीळभर नव्हता. नियम कागदावर होता आणि आम्ही विचारला नाही, हा दोष आमचा.

म्हणून आजाआजींचे पहिले कर्तव्य : नियम वाचून घ्या. आपणांस वाचता येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्या, शाळेतल्या गुरुजींस विचारा. नातवंड तिसरीत असेल तेव्हाच विचारा, पाचवीत विचारून उपयोग नाही. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला तयार ठेवा. ओबीसीचा लाभ घ्यावयाचा तर केंद्राच्या यादीप्रमाणे दाखला लागतो, हेही ध्यानात असू द्या. अर्ज बहुधा पावसाळ्यात निघतात. लावणीच्या घाईत तारीख टळली असे होऊ देऊ नका.

याच नियमात एक मोठा अन्याय दडला आहे, तोही बोलून दाखविला पाहिजे. सरकारी अधिसूचनेप्रमाणे जो भाग शहर, तो शहर. बाकी सारे खेडे. नियम खेड्यातल्या पोरांच्या रक्षणासाठी केला, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्याकडे काय झाले? १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे ठरले. १९९२ साली नवी मुंबई महापालिका झाली. २०१६ च्या १ ऑक्टोबरला पनवेल महापालिका झाली आणि २९ गावे तिच्यात गेली. त्या गावांतल्या आगऱ्या-कोळ्यांच्या पोराची शाळा तीच, घर तेच, पायवाट तीच. पण कागदावर ते पोर एका दिवसात शहरी झाले! आता त्याची बरोबरी कोणाशी? उंच इमारतीत राहणाऱ्या, घरात दोन पदवीधर असलेल्या मुलाशी. शेत गेले म्हणून बाप शेतकरी राहिला नाही आणि गाव गेले म्हणून पोर खेडूत राहिले नाही. आपल्या उरणच्या गावांत आज ग्रामपंचायती आहेत म्हणून आपली नातवंडे वाचली आहेत. उद्याचे कोणी सांगावे? सबब प्रकल्पग्रस्त गावठाणांतल्या मुलांस या परीक्षेपुरते ग्रामीण धरावे, अशी मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून वर धाडावी. आपण मागितल्यावाचून आपणांस काही मिळालेले नाही.

आता तयारीकडे वळू. दोन तासांत ८० प्रश्न, गुण १००, म्हणजे प्रश्नास सव्वा गुण. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. निम्मे प्रश्न, म्हणजे ४०, आकृत्यांचे. वीस गणिताचे. वीस भाषेचे.

आकृत्यांचे प्रश्न म्हणजे काय? चारांतली वेगळी आकृती कोणती, अर्धी आकृती पुरी कशी होईल, आरशात कशी दिसेल, कागद घडी घालून भोक पाडले तर उलगडल्यावर भोके कोठे येतील. मायबहिणींनो, हे तुम्हांस येत नाही म्हणता? ठिपके मांडून रांगोळी कोण काढते? एक कोपरा काढून नातीस सांगा, बाकीचे तीन तू पुरे कर. देवळाच्या पताका आपण कागद दुमडूनच कातरतो. उलगडण्याआधी पोरास विचारा, नक्षी कशी निघेल? मग उलगडून दाखवा. टोपली विणणाऱ्याने, जाळे विणणाऱ्याने चुकलेला डोळा शोधावयास पोरास लावावे. तीच ती वेगळी आकृती.

गणितात अपूर्णांक आणि टक्के पोरास अडवितात. आपल्या पिढीस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ आहे. ती नातवंडास द्या. भरतीची वेळ आपण कशी काढतो? तिथीचा पाऊणपट. चतुर्थीस तीनच्या सुमारास, षष्ठीस साडेचारच्या, दशमीस साडेसातच्या. रोज संध्याकाळी पोरास तिथी सांगा आणि भरतीची वेळ काढावयास लावा. मग खाडीवर नेऊन पाणी दाखवा. तीन चतुर्थांश म्हणजे काय, हे त्यास जन्मात विसरणार नाही.

आणि टक्के? ते तर आपल्या अंगावरच लिहिलेले आहेत. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या लढ्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील याच जासईच्या शेतकऱ्याच्या घरी १९२६ साली जन्मले, शिकून वकील झाले आणि कायद्याच्या भाषेत सरकारशी बोलू शकले. लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. आता नातवंडास हिशेब घाला : चाळीस गुंठे गेले, साडेबारा टक्के किती? पाच गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापले, म्हणजे दीड गुंठा. हाती उरले साडेतीन. हा हिशेब आपल्यातल्या किती जणांस तेव्हा येत होता? किती जणांनी साडेतीन गुंठ्यांचा कागद बिल्डराने सांगितलेल्या भावास अंगठा लावून दिला? नातवंडास टक्के शिकविणे म्हणजे नुसते सव्वा गुण मिळविणे नव्हे, हे ध्यानात घ्या.

भाषेत चार उतारे असतात व प्रत्येकावर पाच प्रश्न. यासाठी वाचता न येणारी आजी हीच सर्वांत चांगली परीक्षक! आमच्या घरी धाकटी नात रोज वर्तमानपत्रातला एक मजकूर आजीस वाचून दाखविते. आजी मध्येच विचारते, "कोण म्हणाला हे? कशासाठी गेला तो? मला नाही समजले, पुन्हा सांग." पोरीस दुसऱ्यांदा आपल्या शब्दांत सांगावे लागते. उतारा समजणे म्हणजे दुसरे काय? शिवाय रोज अर्धा तास घरातला टीव्ही बंद, मोबाईल फळीवर आणि दिव्याखालची जागा पोराची. एवढे राज्य घरात म्हाताऱ्याचे असलेच पाहिजे.

येथे एक इशारा देतो. ही दहा वर्षांच्या पोराची गोष्ट झाली. पहिलीत घालावयाच्या सहा वर्षांच्या पोरास परीक्षेसाठी घोकावयास लावू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने शाळांस प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. कोणी बालकाची मुलाखत घेऊ लागला तर कलमाचे नाव घ्या.

शेवटी निकालाविषयी. जागा ८०, पोरे हजारांनी. पुष्कळांची नावे यादीत येणार नाहीत. त्या दिवशी पोराशी आपण कसे वागतो, ही आपली परीक्षा होय. आमचा थोरला नातू निकालानंतर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आजीने त्यास ताटावर बसविले आणि आम्ही त्याच्यापुढे आमची चूक कबूल केली. म्हाताऱ्याने पोरापुढे चूक कबूल केल्याने म्हातारा लहान होत नाही. आता तो अनुदानित शाळेत आठवीत आहे आणि राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणार आहे. साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती आहे आणि मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षास बारा हजार रुपये. या वेळी नियम आम्ही आधी वाचून घेतला! धाकटी नात गावच्याच शाळेत पाचवीत आहे. तिला कोणी शहरात न्या म्हणाले, तर उत्तर तयार आहे.

बंधूंनो, आपल्या आजास शाळेचे दार बंद होते. आपण दारात पोचलो आणि पोटासाठी परत फिरलो. नातवंड आत जात आहे. त्याचे बोट दलालाच्या हाती देऊ नका. आज घरी गेल्यावर एवढेच करा : नातवंडास जवळ बोलवा, आजची तिथी सांगा आणि भरती किती वाजता ते विचारा. उत्तर चुकले तर हसू नका. उद्याची तिथी सांगा.