हौशी टेबल टेनिस मंडळाचा कारभार

टेबल टेनिस हा थोडक्या साहित्यावर भागणारा खेळ आहे. नऊ फूट लांब व पांच फूट रुंद असें एक टेबल, सहा इंच उंचीची जाळी, दोन बॅटी आणि २.७ ग्रॅम वजनाचा एक चेंडू, इतकें मिळालें कीं खेळ सुरू होतो. त्यामुळें कित्येकांची अशी समजूत असते कीं, हा खेळ चालविणाऱ्या जिल्हा मंडळाचा कारभारहि तितकाच आटोपशीर असावा. वर्षांतून एकदां स्पर्धा भरवावी, कोणा प्रतिष्ठित पाहुण्यांच्या हस्तें चषक द्यावे, वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून आणावें आणि पुढच्या वर्षापर्यंत कपाटाला कुलूप घालावें. अशीं मंडळें आहेतहि. परंतु राज्य संघटनेशीं संलग्न असलेल्या मंडळावर याहून मोठी जबाबदारी असते. जिल्ह्यांतील कोणतीं मुलें राज्य स्पर्धेस जावयाचीं हें तें मंडळ ठरवितें, आणि जिल्ह्यांत त्याच्यावर अपील ऐकणारें दुसरें कोणी नसतें.

प्रथम जागेचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय सामन्यांना एका टेबलामागें १४ मीटर लांब व ७ मीटर रुंद जागा लागते. शाळेच्या सभागृहांत इतकी ऐसपैस जागा कोठून मिळणार? चार टेबलें जेमतेम मांडतां आलीं तरी चिटणीस समाधान मानतो. त्यानंतर पंखे. हा चेंडू इतका हलका कीं वाऱ्याच्या झुळुकेनेंहि तो वाट सोडतो. म्हणून ऐन मे महिन्यांत सभागृहाचे पंखे बंद ठेवावे लागतात. घामाघूम झालेले पालक दर अर्ध्या तासानें येऊन रदबदली करतात, आणि कधीं कधीं प्रमुख पाहुणेहि! चिटणिसाची पहिली परीक्षा त्या पंख्याच्या बटणापाशीं होते, असें मी म्हणेन.

यापुढचें काम स्पर्धेची आंखणी करण्याचें. मंडळाचें बरेंवाईट माझ्या मतें येथेंच ठरतें. बाद पद्धतीचा हिशेब फार सोपा आहे. जितके खेळाडू, त्यांहून एकानें कमी इतके सामने. ६४ मुलें आलीं तर ६३ सामने झाले. एका सामन्यास सरासरी २० मिनिटें धरलीं आणि टेबलें चार असलीं, तर सव्वापांच तासांत स्पर्धा आटोपते व दुपारच्या चहाच्या वेळीं सभागृहाच्या किल्ल्या परत करतां येतात. चिटणिसाच्या दृष्टीनें याहून सोयीचें कांहीं नाहीं.

आतां तीच स्पर्धा खेळाडूंच्या बाजूनें पाहा. ६४ पैकीं ३२ मुलें एक सामना खेळून बाहेर पडतात, आणखी १६ दुसऱ्या सामन्यानंतर. तालुक्याच्या गांवाहून एखादी बारा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर पहाटेच्या एस. टी. नें निघते. साडेनऊला तिचें नांव पुकारलें जातें. समोर जिल्ह्याच्या ठिकाणची, मानांकन मिळालेली मुलगी उभी असते आणि तिच्या बॅटीला लांब कांट्यांचें रबर लावलेलें असतें. असल्या रबरावरून चेंडूची फिरकी उलटी होऊन परत येते. आमच्या मुलीनें असली बॅट जन्मांत पाहिलेली नसते. दहाच्या आंत सारें संपतें, आणि परतीची गाडी असते तीनची.

अपरिचित बॅटीपुढें भल्याभल्यांची हीच गत झालेली आहे. १९५२ सालीं जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा मुंबईस भरली, तेव्हां जपानचा हिरोजी सातो हा स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडू आदळल्याचा नेहमींचा आवाजच होत नसे, आणि चेंडूचा वेगहि प्रतिस्पर्ध्यांना अजमावतां येत नसे. मोठमोठे खेळाडू गोंधळून गेले आणि सातो पुरुष एकेरीचा विजेता ठरला. जगांतले निष्णात खेळाडू जेथें एका सामन्यांत उत्तर शोधूं शकले नाहींत, तेथें बारा वर्षांच्या मुलीनें तें वीस मिनिटांत शोधावें, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तिला दुसरा सामना हवा, तिसरा हवा.

तो देतां येतो. चार चार खेळाडूंचे १६ गट करावे. एका गटांत सहा, म्हणजे एकूण ९६ सामने होतील. गटविजेत्या १६ जणांची पुढें बाद पद्धतीनें स्पर्धा घ्यावी. तिचे १५ सामने. एकूण १११. त्याच चार टेबलांवर याला सव्वानऊ तास लागतात. चौसष्टहि मुलांना किमान तीन सामने मिळण्याची किंमत अवघे चार तास! सकाळीं आठाला आरंभ करावा, किंवा दोन रविवार घ्यावे. तेंहि अशक्य असेल तर बाद पद्धतच ठेवून पहिल्या फेरींत हरलेल्या ३२ जणांची वेगळी स्पर्धा भरवावी. तिला अडीच तासांहून किंचित् अधिक वेळ पुरतो. सभागृहाचें वाढीव भाडें कोठून आणावयाचें, असें खजिनदार विचारतील. चषकांची उंची पाहतां तेवढी रक्कम तेथेंच निघेल असें वाटतें.

अधिक सामने म्हणजे अधिक पंच. हरलेल्या खेळाडूनें त्याच टेबलावरील पुढच्या सामन्यास पंच व्हावें, ही चाल पुष्कळ ठिकाणीं आहे व ती उत्तम आहे. सर्व्हिस करतांना चेंडू उघड्या तळहातावरून निदान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे, हा नियम पुस्तकांत वाचून जितका ठसत नाहीं तितका दुसऱ्याची चूक पकडतांना ठसतो. मात्र डोळे पुसणाऱ्या लहान मुलाला लगेच खुर्चीवर बसवूं नये.

सोडत क्लबांच्या प्रतिनिधींसमक्ष काढावी, आणि एका क्लबाचे खेळाडू पहिल्याच फेरींत एकमेकांपुढें येणार नाहींत हें पाहावें. संघ निवडतांना ज्या सभासदाचें मूल किंवा शिष्य विचाराधीन असेल, त्यानें खोलीबाहेर जावें. छोट्या जिल्ह्यांत शिकविणारे तेच आणि निवडणारेहि तेच, हें अटळ असतें; म्हणूनच हा नियम लेखी हवा. हा प्रश्न केवळ जिल्ह्यापुरता नाहीं. राष्ट्रीय शिबिराला हजर राहण्याची सक्ती आणि प्रशिक्षकाचे हितसंबंध यांविरुद्ध मनिका बत्रा हिनें २०२१ सालीं दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें न्यायालयानें भारतीय महासंघाचें कार्यकारी मंडळ निलंबित करून कारभार प्रशासकांच्या समितीकडे सोंपविला. नामांकित खेळाडूला न्यायालयापर्यंत जातां आलें. तालुक्याच्या मुलीचे वडील वकिलाची फी कोठून देणार?

वयाचा प्रश्न सर्वांत नाजूक. तेरा वर्षांखालील गटांत चौदा वर्षांचा मुलगा शिरला, तर तो कोणा तरी खऱ्या हक्कदाराची जागा घेतो. जन्माच्या दाखल्यावर जन्मतारखेप्रमाणें नोंदणीची तारीखहि असते. चिटणिसानें आधीं ती पाहावी. १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. बारा वर्षांच्या मुलाची नोंद गेल्याच वर्षीं झालेली दिसली, तर शाळेंत प्रथम नांव घातलें तेव्हांचा उतारा मागावा. उशिराची नोंद म्हणजे लबाडीच, असें मात्र समजूं नये. पुष्कळ गरीब घरांत ती अज्ञानामुळें राहून जाते. चौकशी एकांतांत आणि मुलाच्या माघारीं व्हावी.

हिशेबाविषयीं थोडक्यांत सांगतों. आपल्या राज्यांत अशा संस्था बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनहि नोंदलेल्या असतात. दरसाल हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि पदाधिकारी बदलले कीं ९० दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयांत बदलाचा अहवाल द्यावा लागतो. हा कागद राहून गेल्यामुळें खरे पदाधिकारी कोण, याचेच वाद वर्षानुवर्षें चालतात, आणि तोंवर जिल्ह्याच्या प्रवेशिकेवर सही कोणी करावयाची हेंच ठरत नाहीं.

वार्षिक सभेची नोटीस पाठवितांना ज्या क्लबाचीं मुलें पहिल्याच फेरींत हरतात, त्याचा पत्ता बहुधा जुना निघतो. त्या क्लबालाहि इतरांइतकेंच मत असतें. पोंच आली नाहीं, तर चिटणिसानें टेलिफोन करावा. आणि सभेची वेळ ठरवितांना तालुक्याहून येणारी पहिली गाडी कितीला पोंचते, तें विचारून घ्यावें.