रेषेची भाषा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



"चित्र कोणाकोणाला काढता येते?" असे एखाद्या सभेत विचारले, तर बालमित्रांचे हात चटकन वर जातात आणि मोठ्यांचे हात मांडीवरच राहतात. वास्तविक या मोठ्यांपैकी प्रत्येकाने लहानपणी पाटीवर, अंगणात, प्रसंगी घराच्या भिंतीवरही मनसोक्त रेघोट्या ओढलेल्या असतात. मग मधल्या काळात हात का आखडतो? कोणीतरी केव्हातरी म्हणून जाते, "तुझ्या हातात कला नाही", आणि ते एक वाक्य माणसाला जन्मभर पुरते. आजच्या विषयाचा हेतू कलावंत घडविण्याचा नाही. मनातील भाव आणि रोजचे साधे प्रसंग पेन्सिलीने कागदावर उतरविता येतात आणि ही विद्या कोणत्याही वयात शिकता येते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

'हातात कला नाही' हा निवाडा किती फसवा असतो, याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. आर. के. लक्ष्मण यांनी तरुणपणी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला होता. त्यांच्या चित्रांत आवश्यक ती गुणवत्ता दिसत नाही, असे सांगून तो नाकारण्यात आला. पुढे याच तरुणाने १९५१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानावर चौकडीचा कोट आणि धोतर घातलेला 'कॉमन मॅन' उभा केला. हा गृहस्थ कधी एक शब्दही बोलला नाही. त्याच्या उंचावलेल्या भुवयांनी आणि चष्म्याआडच्या डोळ्यांनी देशाचे आश्चर्य, वैताग आणि सोशिकपणा सांगितला. जे तोंडाने बोलता येत नाही, ते रेषेला बोलता येते.

परंतु रेषेला बोलके करण्यापूर्वी डोळ्यांना पाहावयास शिकविले पाहिजे. कोणत्याही मुलाला कोरा कागद द्यावा. बहुधा तो दोन डोंगर काढतो, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, शेजारी नदी, एक माड आणि आकाशात काकपदासारखे पक्षी. आपल्या किनाऱ्यावरील मुलाच्या दारात खरे माड असतात. ते उजेडाच्या ओढीने वाकलेले असतात, त्यांच्या खोडांवर गळून गेलेल्या झावळ्यांचे वळसे असतात. त्याचा सूर्य रोज संध्याकाळी समुद्रात बुडतो. तरीही कागदावर येतो तो पाठ केलेला माड आणि पाठ केलेला सूर्य. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत 'स्मरणचित्र' हा विषय ठेवण्यामागे केवढा मोठा विचार आहे! बाजार, एस.टी.चा थांबा, असे पाहिलेले प्रसंग आठवून काढावयाचे. पण तेथेही पुष्कळ विद्यार्थी चार ठरावीक मनुष्याकृती घोकून जातात. स्मरणात आधी काही साठविलेच नसेल, तर कागदावर उतरणार काय?

म्हणून पहिला धडा पाहण्याचा. घरातील जुना अडकित्ता समोर ठेवावा. पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवावे, दृष्टी मात्र अडकित्त्यावरून हलवू नये. डोळा त्याच्या कडेवरून मुंगीच्या गतीने सरकेल, तशीच पेन्सिल सरकू द्यावी. चित्र वेडेवाकडे येईल, येऊ द्यावे. अमेरिकेतील कलाशिक्षक किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अशा अभ्यासाला आरंभीचेच स्थान आहे. आठ-दहा दिवसांत लक्षात येते, की वीस वर्षे हाताळलेल्या वस्तूकडे आपण प्रथमच नीट पाहत आहोत.

साधनांचा खर्च नाममात्र आहे. मराठीत आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र मळून, भाजून केलेली ती काडी असते. ही कृती फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये सिद्ध केली. माती अधिक, तर काडी कठीण आणि रेषा फिकट; ग्राफाइट अधिक, तर काडी मऊ आणि रेषा काळीभोर. पेन्सिलीवरील 'एच' हे अक्षर कठीणपणाचे, 'बी' काळेपणाचे. आरंभी एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली आणि एक कोरी वही पुरते. खोडरबर शक्यतो दूर ठेवावा, कारण चुकलेली रेषा शेजारी दिसत असली, म्हणजे बरोबर रेषा कोठे हवी ते कळते.

आता भाव. आडवी रेषा भरतीनंतरच्या शांत समुद्रासारखी निवांत असते. उभी रेषा सुरूच्या झाडासारखी ताठ आणि निश्चयी. तिरपी रेषा म्हणजे राजपुरीहून जंजिऱ्याकडे निघालेल्या होडीचे शीड. तिच्यात गती असते. पेन्सिल दाबून ओढली तर राग किंवा आग्रह दिसतो, हलकी ओढली तर संकोच आणि माया. मनुष्य काढताना नाक-डोळ्यांच्या मागे लागू नये. प्रथम कण्याची एकच रेषा ओढावी. ती ताठ असेल तर माणूस उमेदीत आहे. खांद्यापाशी वाकली तर थकला आहे. पुढे झुकली तर कोणाची तरी वाट पाहत आहे. एस.टी.च्या थांब्यावरील वृद्ध, तांदूळ निवडणारी आजी, परीक्षेच्या निकालाकडे धावणारा मुलगा, ही सारी माणसे त्या एका रेषेत आधी उभी राहतात. हातपाय मागाहून येतात.

शब्दांवाचून रोजचा प्रसंग सांगता येतो, हे महाराष्ट्राला शि. द. फडणीस यांनी दाखविले. १९२५ मध्ये बेळगाव भागातील भोज या गावी जन्मलेल्या या चित्रकाराच्या हास्यचित्रांना बहुधा मथळाच लागत नसे. त्यांच्या रेषेने कोणाला बोचकारले नाही आणि कोणाचा उपहासही केला नाही. बालवाचकांची गणिताची पाठ्यपुस्तकेसुद्धा त्यांच्या चित्रांनी हसरी झाली. कोणालाही न दुखविता हसविणे हा वाणीचा संयम दुर्मीळ. रेषेचा संयम त्याहून दुर्मीळ.

तथापि सगळेच प्रसंग हसरे नसतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. कौले, पत्रे उडाले. पोफळ लावल्यावर फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतात. आजोबांनी लावलेले आणि नातवाने पाणी घातलेले झाड पडते, तेव्हा पंचनाम्यात एका झाडाची नोंद होते. घराने काय गमावले, त्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. अशा वेळी घरातील कर्ता पुरुष गप्प होतो, लहान मूल रात्री दचकून उठते आणि दोघांनाही बोलता येत नाही. त्या मुलाच्या हाती कागद आणि ६बीची पेन्सिल द्यावी. ते काळ्या रेषांचे गुंतवळ काढील. त्याला 'हे काय गिचमिड' असे म्हणू नये. तेच त्याचे वादळ असते. आणि कर्त्या पुरुषाने, जमेल तसे, विहीर कोठे होती, पहिली पोफळ कोठे होती, बाकडे कोठे होते, हे आठवून काढावे. पडलेले झाड त्यामुळे उभे राहणार नाही. परंतु दुःख छातीतून निघून कागदावर समोर येते, तेव्हा त्याच्याकडे पाहता येते आणि दुसऱ्यालाही ते दाखविता येते. नातू शेजारी येऊन विचारतो, "आजोबा, हे काय?" तेथून बोलणे सुरू होते.

यासाठी नेम मात्र हवा. रोज दहा मिनिटे, वहीचे एक पान, कोपऱ्यात तारीख. उंबऱ्याबाहेरच्या चपला, रिकामी आरामखुर्ची, खुंटीवरची पिशवी, काहीही चालेल. चांगले-वाईट ठरवू नये, पान फाडू नये. वर्षअखेरीस त्या वहीत घराची अशी नोंद सापडते, जी छायाचित्रांतही नसते. कारण छायाचित्र क्षणात निघते, रेखाटनासाठी माणसाला त्या वस्तूपाशी बसावे लागते.

संस्थेच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त या स्मरणिकेत शब्दांत आणि आकड्यांत येईलच. त्याच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक जुनी वस्तू आणि एक आठवणीतला प्रसंग पेन्सिलीने काढून ठेवावा, अशी नम्र विनंती आहे. आजी आणि नात यांनी एकाच पानावर काढले, तर अधिकच उत्तम. चित्र सुबक नसले तरी चालेल. ते पाहिलेले असावे, पाठ केलेले नसावे.