जोवाईच्या डोंगरावरील लहान मंडळी



आज आम्ही एका देवळाविषयी बोलणार आहोत, असे म्हटल्याबरोबर तुमच्यांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या आम्हांस येथून दिसत आहेत. ज्यांनी जन्मभर देवळातल्या दलालांवर कोरडे ओढले, त्यांना आज देऊळ कोठून आठवले, असे तुम्ही मनात म्हणत असाल. जरा दम धरा. या देवळात दलाल नाही, म्हणूनच ते आम्ही निवडले आहे.

पावसाचे चेरापुंजी तुम्ही शाळेतल्या भूगोलात पाठ केलेच आहे. तो सारा मुलूख खासी व जयंतिया टेकड्यांचा. पूर्वी तो आसामात मोडत असे, 1972 पासून मेघालय राज्यात आहे. तेथील खासी लोक मुळात एकच देव मानणारे. त्यांच्यात कूळ आईकडून चालते, आडनाव आईचे लागते, आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. (हशा.) पुरुष मंडळींनी हसण्याचे कारण नाही, तेथील पुरुष काही उपाशी मेलेले नाहीत.

या लोकांत 1841 साली थॉमस जोन्स नावाचे वेल्श मिशनरी येऊन राहिले. खासी भाषेला लिपी बसवून त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी शाळा काढल्या. हे उपकार लहान नव्हेत, आणि ज्याने आपल्याला अक्षर दिले त्याचे ऋण नाकारणे आमच्या स्वभावात नाही. परंतु अक्षराबरोबर नरकही आला. जो बाप्तिस्मा घेणार नाही तो जळणार, अशी ती शिकवण होती. मग ज्या आजा-आजींनी एका देवाला हात जोडून, कोणाचे वाईट न करता आयुष्य काढले त्यांचे काय? हा प्रश्न कोणाही विचारी पोराला पडेल.

हाजोम किसोर सिंग हा असाच एक विचारी पोर. जन्म 1865 चा. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो मिशनऱ्यांच्या मंडळीत गेला. भक्ती त्याच्या अंगी होती. पण कोपिष्ट देव त्याच्या गळी उतरेना. येशूने सांगितलेला प्रेमाचा धर्म हवा, येशूभोवती नंतर उभारलेला मतांचा कोट नको, असे त्याच्या मनाने घेतले. कलकत्त्यास चार्ल्स डॉल नावाचे अमेरिकन मिशनरी 1855 पासून राहत होते, त्यांच्याशी सिंगने पत्रव्यवहार केला. तेव्हा त्याला कळले की असे मानणारे ख्रिस्ती जगात आहेत आणि त्यांना युनिटेरियन म्हणतात. देव एकच, येशू हा थोर माणूस, आणि देवळात शिरताना अक्कल पायताणाबरोबर दाराशी काढून ठेवायची नाही, हा त्यांचा थोडक्यात मार्ग. डॉलसाहेब 1886 साली वारले. पुढे काय घडले ते पाहण्यास ते राहिले नाहीत.

घडले ते असे. 18 सप्टेंबर 1887 रोजी जोवाई गावी सिंगने आपल्या घरी पहिली उपासना चालविली. बोटांवर मोजावी इतकी माणसे. कोणी बिशप डोक्यावर हात ठेवायला आला नव्हता. कोणा मिशनने पैसे देऊन हे काम सांगितले नव्हते. सिंग सरकारी नोकरी करून पोट भरीत असे, आणि उरल्या वेळात ही मंडळी जमवीत असे. खासी भाषेत त्याने प्रार्थनेची गाणी जमविली. देवाला त्यांनी पिता म्हटले आणि माताही म्हटले. जेथे कूळच आईचे, तेथे देवाला नुसता बाप म्हणून कसे भागेल? आमच्या निर्मिकालाही कोणी आई म्हणून हाक मारील तर आमची काही हरकत नाही.

आता या मंडळीची रीत ऐका, कारण आम्हांस सांगायचे ते मुख्यतः येथेच आहे. रविवारी माणसे जमतात. गाणे होते, प्रार्थना होते, मग त्यांच्यातलाच कोणी चार शब्द बोलतो. तो कोणी शेतकरी असेल, कोणी शिक्षक असेल, कोणी बाई असेल. धर्म हा पोटाचा धंदा करून बसलेला वर्ग त्यांच्यात वाढला नाही. जो आज बोलतो तो उद्या बाकावर बसून ऐकतो. त्यामुळे बोलणाऱ्याला डोक्यावर बसता येत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ‘माझे काय, पुरोहित पाहून घेईल’ असे म्हणून अंग काढून घेता येत नाही. देवळाबरोबर शाळा हेही बऱ्याच गावी ठरून गेलेले आहे. आज ही सारी मंडळी मिळून आठ-दहा हजारांच्या घरात असतील. आमच्या एखाद्या मोठ्या जत्रेच्या एका कोपऱ्यात ती मावतील.

इतकी थोडी माणसे टिकली कशी? 12 जून 1897 रोजी त्या मुलखात असा भूकंप झाला की शिलाँग व चेरापुंजीची दगडी घरे भुईसपाट झाली. मंडळी स्थापन होऊन पुरी दहा वर्षेही झाली नव्हती. मागे विलायतेचा भक्कम खजिना नव्हता, भोवती बलाढ्य मिशन होते. तेथेच सारे संपले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण संपले नाही. सिंग 1923 साली वारला तरी संपले नाही. ज्याचे काम एका माणसाच्या खांद्यावर असते ते त्या माणसाबरोबर सरणावर जाते. येथे ते अनेकांच्या खांद्यांवर वाटले गेले होते.

भूकंपाच्या थोडे आधी, 1896 साली, जेबेझ संडरलँड नावाचे अमेरिकन युनिटेरियन गृहस्थ त्या डोंगरांत जाऊन या मंडळीला भेटले होते. हेच ते संडरलँड, ज्यांच्या हिंदुस्थानच्या गुलामगिरीवरील पुस्तकावर पुढे इंग्रज सरकारने बंदी घातली. त्यांच्या या दौऱ्याचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्यानंतर आपल्याकडील ब्राह्म व प्रार्थना समाजाच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्म शिकण्यासाठी युनिटेरियनांकडून छात्रवृत्ती मिळू लागली. आणि 1901 साली ती घेऊन गेले जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे. प्रवासाचा खर्च श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दिला. 1903 मध्ये शिंदे परत आले, आणि 1906 च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईत अस्पृश्य बांधवांसाठी मिशन काढून शाळा उघडली. अण्णासाहेब शिंद्यांशी आमच्या चळवळीचे सर्वच बाबतींत जमले असे नाही, आणि ते लपविण्यातही अर्थ नाही. पण देवाचे नाव घेऊन व्याख्यान देणारे शंभर असतात. ते नाव घेऊन अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करणारा एक निघाला, तो शिंदे. विलायतेत ते शिकले त्याच पंथाचे पाणी तिकडे जोवाईच्या डोंगरावर मुरत होते.

आणि बारबाई. त्यांना वगळून पुढे जाववत नाही. मार्गारेट बार या इंग्लंडातील युनिटेरियन धर्मोपदेशिका. बाईमाणसाला इतक्या दूर पाठविण्यास तेथील पुढारी नाखूष, तेव्हा स्त्रियांच्या संघाने त्यांचा भार उचलला. 1933 साली त्या हिंदुस्थानात आल्या, गांधीजींना भेटल्या, आणि 1936 पासून खासी टेकड्यांच्या झाल्या. प्रथम शिलाँगला शाळा चालविली. पुढे तेही शहरी वाटून त्या खरांग नावाच्या आडगावी जाऊन राहिल्या. तेथे मुलांना शिकवावे, आजाऱ्याला औषध द्यावे, बाळंतपणाला धावून जावे, हीच त्यांची उपासना. लोक त्यांना ‘काँग’ म्हणत, म्हणजे आपण म्हणतो तशी थोरली ताई. 1973 साली त्या वारल्या. मेमसाहेब म्हणून आलेली बाई ताई होऊन गेली. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बारबाई आल्या तेव्हा मंडळीला जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. गोऱ्या बाईने येऊन काळ्या लोकांचा उद्धार केला, अशी ही कथा नव्हे.

आता आमच्याकडे वळतो. दुसऱ्यांची वाखाणणी करून घरी जाणे सोपे असते. जोतीरावांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापला, तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल काढण्यासाठीच. जोवाईच्या मंडळीहून चौदा वर्षे आधी! समाजाच्या बैठका भरत, निबंध वाचले जात, पोरांच्या शिक्षणाला मदत होई, भटाविना लग्ने लागत. मग आम्ही काय केले? निवडणुका लढविल्या, कौन्सिलात गेलो, पुढे बँका, कारखाने व जिल्हा परिषदा हाती घेतल्या. त्यात काही वावगे नाही. पण आठवड्यातून एकदा चार घरांनी एकत्र बसण्याची जागा मात्र आमच्या हातून सुटली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याचे निधन झाले. उभ्या आयुष्यात त्याने भटाविना कितीतरी लग्ने लावली होती. त्याच्या मयताला प्रार्थना म्हणण्यास आपल्यातला कोणी पुढे होईना. सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी घरच्यांनी मुकाट्याने भटजीला बोलावले. आम्हीही तेथे उभे होतो, आणि आम्हीही पुढे झालो नाही. शरम कोणाची, हे आम्ही दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.

भटजीला शिव्या देऊन जागा रिकामी होते. पण रिकामी राहिली की तोच पुन्हा येऊन बसतो. जोवाईच्या लोकांनी ती आपल्या माणसांनी भरून काढली, पाळीपाळीने, बायकांसकट. आमच्यात विद्वान कमी आहेत म्हणून हे होत नाही, असे कोणी सांगू नये. सिंगच्या घरी त्या दिवशी विद्वानांची दाटी झालेली नव्हती.

तेव्हा आम्ही असे ठरविले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या घरच्या ओसरीवर सतरंजी घातलेली असेल. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, हार-तुरे नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या धाकट्या सूनबाई प्रार्थना सांगतील. त्यांनी हो म्हटले आहे, आम्ही भीत भीत विचारले होते. आळीत कोण आजारी आहे, कोणाच्या पोराची फी भरायची राहिली आहे, याची यादी करून आणावी. चहा मिळेल. पाऊस असला तर छत्री आणा, ओसरी एका बाजूने गळते.